पुन्हा येणारी माणसं

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही जुन्या शाळेत मुख्याध्यापकांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, एक लांबट वही असते. पुठ्ठा सुटत आलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या. तिला शेरेबुक म्हणतात. शाळेला भेट द्यायला आलेला अधिकारी निघण्यापूर्वी त्यात दोन-चार ओळी लिहितो, खाली सही आणि तारीख टाकतो. चौदा वर्षं प्राथमिक शिक्षिका म्हणून काढल्यावर मी केंद्रप्रमुख झाले, तेव्हा पहिल्या काही महिन्यांत माझ्या केंद्रातल्या बाराही शाळांची शेरेबुकं मी त्या त्या शाळेत बसून वाचून काढली. पट ४३, हजर ३८. परिपाठ पाहिला. पाढे पाठ करून घ्यावेत. परिसर स्वच्छ ठेवावा. मागे पडलेल्या मुलांकडे लक्ष द्यावे. पान उलटावं तर सही दुसरी, तारीख दुसरी, मजकूर तोच. सगळं घ्यावे, ठेवावा, द्यावे. कसं घ्यावं, हे एकाही ओळीत नव्हतं. पण त्याहून जास्त मला एक गोष्ट लागली. एकाही शेऱ्यात मागच्या शेऱ्याचा उल्लेख नव्हता. मागच्या खेपेला अमुक अडचण दिसली होती, आज तिचं काय झालं, अशी एक ओळ मला बारा शाळांच्या वह्यांत सापडली नाही. येणारा प्रत्येक जण पहिल्यांदाच येत होता.

या संग्रहातल्या नोंदी शेरेबुकातल्या नाहीत. त्या शाळांत जाणाऱ्या साधनव्यक्तींच्या, काही केंद्रप्रमुखांच्या आणि थोड्या शिक्षकांच्या खासगी वह्यांतल्या आहेत. एकाच वर्गात पुन्हा पुन्हा जाऊन, एकच अडचण धरून, त्या वर्गाच्या शिक्षकाबरोबर केलेलं काम त्यांत आहे. शाळांची, शिक्षकांची आणि मुलांची नावं काढून टाकावीत, असा आग्रह मी धरला आणि संकलकांनी तो मान्य केला. नोंदी वाचताना नाव नसल्यामुळे काही अडत नाही. तारखा मात्र ठेवल्या आहेत आणि वाचकानं त्यांच्याकडे नीट पाहावं, असं मला वाटतं. ४ जुलै, १९ जुलै, २ ऑगस्ट, असं एकाच वर्गाबद्दल लिहिलेलं दिसेल. या पुस्तकाचा विषय त्या तारखांच्या मधल्या पंधरा दिवसांत आहे.

विषय म्हणजे काय, तेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे या कामाला एक नाव नाही. विषयतज्ज्ञ, विषय साधनव्यक्ती, सुलभक, तज्ज्ञ मार्गदर्शक, अलीकडे मेंटॉर आणि कोच. गावातल्या माणसांना हे सगळे ‘तालुक्याचे साहेब’. मी इथे ‘सोबती’ हा साधा शब्द वापरणार आहे. शिक्षकाच्या वर्गात बसून, त्याच्या मुलांचं काम त्याच्याबरोबर पाहून, उद्या काय करून बघायचं ते त्याच्याबरोबर ठरवणारा आणि ते कसं झालं हे पाहायला परत येणारा माणूस, एवढाच अर्थ त्यात धरावा.

परत येण्याची मागणी आपल्याकडे जुनी आहे. १८८२ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवलं. त्यात प्राथमिक शाळांच्या देखरेखीविषयी त्यांनी स्पष्ट म्हटलं की, डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो, त्याचा फारसा काही लाभ होत नाही. निदान तीन महिन्यांतून एकदा तरी शाळा पाहिली गेली पाहिजे. त्याच निवेदनात, शिक्षक कसा हवा हेही आहे. वेळ पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारा, कष्टकऱ्यांच्यात सहज मिसळणारा. फुल्यांच्या डोळ्यांसमोर तपासणी होती, मी ज्याला सोबत म्हणते ती नव्हती. पण वर्षातून एकदा येणाऱ्याकडून मुलांच्या पदरात काही पडत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. एकशे चाळीस वर्षं उलटून गेली, तरी राज्यातल्या कितीतरी वर्गांत शिकवण्याबद्दल बोलायला वर्षातून एकदाही कोणी येत नाही. येतात ते पोषण आहाराच्या तांदळाबद्दल, बांधकामाबद्दल, कुठल्यातरी लिंकवर न भरलेल्या माहितीबद्दल बोलतात.

यंत्रणा नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात १९९४ मध्ये केंद्रप्रमुख हे पद निर्माण झालं. ४,८६० केंद्रं ठरली आणि आसपासच्या दहा-पंधरा शाळा एका केंद्राला जोडल्या गेल्या. त्याच सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. आपल्या राज्यात तो पहिल्या टप्प्यात औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी या, तेव्हाच्या नावांच्या, पाच जिल्ह्यांत होता. त्यातून तालुक्याला गटसाधन केंद्र आणि शाळांच्या जवळ समूह साधन केंद्र ही कल्पना रुजली. पुढे सर्व शिक्षा अभियानानं ती देशभर नेली. जिल्ह्याला ‘डाएट’ होतीच. महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद ठरली. कागदावर पाहिलं तर शिक्षकाच्या मागे माणसांची एक साखळीच उभी आहे. त्या साखळीतली माणसं दिवसभर काय करतात, याकडे मी पुढे येईन. आधी वर्ग.

केंद्रप्रमुख झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मी एक चूक केली. तिसरीचा वर्ग होता, हातच्याच्या वजाबाकीचा. फळ्यावर ५२ वजा २७. निम्म्या मुलांच्या पाट्यांवर ३५. मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलेलं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. गुरुजी वयानं माझ्याहून मोठे, शांत स्वभावाचे. ते पुन्हा पुन्हा सांगत होते की, दोनातून सात जात नाहीत, शेजाऱ्याकडून दशक उसना घ्या. मला राहवलं नाही. मी उठले, त्यांच्या हातातला खडू मागून घेतला, मुलांना बाहेरून काड्या आणायला लावल्या, दहा-दहाचे गठ्ठे रबरानं बांधले, एक गठ्ठा सोडून दाखवला. पाऊण तासात वर्ग फुलला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी भिंतीला टेकून उभे होते. मी शेरेबुकात चांगला शेरा लिहिला आणि निघाले.

तीन महिन्यांनी गेले तेव्हा काड्यांचे गठ्ठे मी बांधले होते तसेच कपाटात होते. पाट्यांवर पुन्हा ३५. गुरुजी म्हणाले, “मॅडम, तुम्ही घेतला तो तास चांगला झाला. पण त्यातलं मी काय घ्यायचं, ते मला उमगलं नाही. तुम्ही गेल्यावर चार दिवस पोरं मला विचारत होती, त्या बाई परत कधी येणार.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र कळलं की, मी त्या दिवशी गुरुजींच्या वर्गातून त्यांचा खडूच काढून घेतला होता, त्यांच्याच मुलांसमोर. मुलांना एक चांगला तास मिळाला आणि वर्षभराच्या शिक्षकावरचा त्यांचा विश्वास थोडा उणा झाला. हा हिशेब मला आजही सलतो.

त्यानंतर मी मागे बसायला शिकले. मागे बसणं सोपं नसतं. पाहुणा आला की शिक्षक स्वतःची खुर्ची पुढे करतात, एका मुलाला पाण्याला पिटाळतात, दुसऱ्याला चहा सांगायला. खुर्चीवर बसलं की वर्ग तुमच्याकडे पाहतो आणि तुम्ही शिक्षकाकडे पाहता. म्हणून शेवटच्या बसकरपट्टीवर, मुलांच्या शेजारी बसावं. तिथून फळा मुलांना दिसतो तसा दिसतो आणि शेजारच्या मुलीच्या पाटीवर काय उमटतंय, जे शिक्षकाला दिसू शकत नाही, ते तुम्हाला दिसतं. ही एकच गोष्ट सोबत्याजवळ शिक्षकापेक्षा जास्त असते. ज्ञान जास्त असेलच असं नाही. दुसऱ्या जागेवरून पाहण्याची सोय त्याच्याजवळ असते.

अशीच एकदा दुसरीच्या वर्गात बसले होते. अकरा मुलं. शिक्षिका नोकरीला लागून चारच वर्षं झालेली. त्या संख्या सांगत होत्या, मुलं लिहीत होती. माझ्या शेजारच्या मुलीनं सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहिले. बावीस बरोबर. त्रेसष्ट ३६. पन्नास बरोबर. अठ्ठावन्न ८५. बाईंच्या वहीत तिच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘लक्ष देत नाही’. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी ती पाटी मध्ये ठेवून बसलो. मी एवढंच विचारलं, “बाई, ही काय ऐकत असेल?” बाईंनी हळू आवाजात म्हणून पाहिलं. सत्ते... चाळीस. त्रे... सष्ट. मग त्या थांबल्या. “सात आधी येतोय. तिला ऐकू येतंय तसंच ती लिहितेय, मॅडम.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “म्हणजे ही लक्ष देणाऱ्यांतली आहे.” बावीस आणि पन्नास का बरोबर येत होते, तेही मग आपोआप उलगडलं. एकात दोन्ही अंक सारखे, दुसऱ्यात उलटं करायला काही उरतच नाही.

मराठीत संख्येचं नाव एककापासून सुरू होतं आणि लेखन दशकापासून. ही गाठ प्रत्येक मराठी मुलाला सोडवावी लागते आणि मोठं झाल्यावर आपण ती सोडवली होती हेच आपण विसरतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस दोन’, ‘चाळीस सात’ अशा वाचनाची जोड दिली गेली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते वाचकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीनं समजावून सांगत होत्या. वाद विधानसभेपर्यंत गेला. भाषा बुडाली, इथपर्यंत लोक बोलले. त्या सगळ्या गोंगाटात दुसरीच्या शिक्षिकेबरोबर बसून, तुझ्या वर्गातली कोणती मुलं कुठे अडतात आणि हे नवं वाचन त्यांना कधी द्यायचं, कधी काढून घ्यायचं, हे बोलायला किती जणांना कोणी भेटलं? पाठ्यपुस्तक मंडळ पान छापून देऊ शकतं. पान वर्गात कसं उतरलं, ते पाहायला माणूस लागतो.

पंधरा दिवसांनी मी परत गेले. बाईंनी फळ्याच्या एका कोपऱ्यात ‘चाळीस सात – सत्तेचाळीस’ अशा जोड्या लिहून ठेवल्या होत्या आणि रोज परिपाठानंतर पाच मिनिटं मुलं त्या म्हणत होती. अकरांपैकी नऊ मुलांच्या संख्या सरळ झाल्या होत्या. मग एकोणपन्नास आला आणि सगळं पुन्हा अडलं. कोणी ५९ लिहिले, कोणी ५१. एकोण म्हणजे एक, असं त्यांनी धरलेलं. पण त्या अडचणीवरचा उपाय माझ्या आधी बाईंकडे तयार होता. त्यांनी काड्यांचे पाच गठ्ठे मांडले, एक सोडला, त्यातली एक काडी स्वतःच्या मुठीत लपवली आणि विचारलं, पन्नासला किती उणे? एक उणा. एकोण. त्या मुलीनं डोळे मोठे केले आणि एकोणतीस, एकोणसाठ, एकोणसत्तर आपणहून लिहून काढले. हे मी सुचवलं नव्हतं. मला सुचलंही नसतं. पहिल्या भेटीत आम्ही मिळून एक पाटी वाचली होती, त्यानंतर बाई सगळ्याच पाट्या तशा वाचू लागल्या होत्या.

या कामाला अमेरिकेत ‘कोचिंग’ हे नाव मिळालं ते क्रीडांगणावरून. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघा संशोधकांनी विचारलं की, प्रशिक्षणात शिक्षक जे शिकतो ते वर्गात का पोचत नाही? त्यांचा पुढचा अंदाज असा की, सिद्धान्त सांगितला, करून दाखवलं, सरावही घेतला, तरी शंभरातले पाचच शिक्षक ते वर्गात नेहमीचं करतात. वर्गात सोबत मिळाली तर बहुतेक सगळे करतात. आकडा अंदाजाचाच होता आणि तो तसाच घ्यावा. मला त्यांचा नंतरचा अनुभव जास्त मोलाचा वाटतो. शिक्षक एकमेकांच्या वर्गात बसू लागले, तेव्हा नंतर दिला जाणारा तोंडी अभिप्राय हळूहळू परीक्षकाचा शेरा होऊ लागला. म्हणून १९९६ मध्ये त्यांनी लिहिलं की, तो अभिप्राय आम्ही काढूनच टाकला. त्यांच्या मांडणीत शिकवणारा तो कोच आणि मागे बसून पाहणारा तो शिकणारा. माझ्या बसकरपट्टीवरच्या जागेचा अर्थ मला हे वाचल्यावर नीट कळला.

डॉक्टर अतुल गावंडे यांचं उदाहरण मी शिक्षकांना नेहमी सांगते, एक तर त्यांचं घराणं मूळचं यवतमाळ जिल्ह्यातलं आणि दुसरं म्हणजे, शिक्षकांना वाटतं की सोबत कच्च्या माणसाला लागते. गावंडे बॉस्टनमध्ये नावाजलेले शल्यचिकित्सक. आठेक वर्षांच्या अनुभवानंतर त्यांना जाणवलं की, आपली सुधारणा थांबली आहे. त्यांनी आपल्या निवृत्त गुरूंना शस्त्रक्रियागृहात येऊन नुसतं पाहायची विनंती केली. गुरूंनी पानभर गोष्टी टिपल्या. दिवा जखमेवरून सरकला होता आणि बराच वेळ ते गावंड्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं; कोपर वर उचललं जात होतं. २०११ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला आणि त्यासाठी ते व्हर्जिनियातल्या एका शाळेत शिक्षकाबरोबर काम करणारे सोबती कसे बोलतात, ते पाहायलाही गेले होते. कसबी माणसाचा दिवाही सरकतो. त्याचं लक्ष जखमेवर असतं, म्हणूनच सरकतो.

पुरावा मागणाऱ्यांसाठी दक्षिण आफ्रिकेतला एक प्रयोग सांगते. नॉर्थ वेस्ट प्रांतात २०१५ पासून सेत्स्वाना भाषेचं वाचन शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांत दोन वर्षं हा अभ्यास झाला. दोन गटांतल्या शिक्षकांना पाठटिपणं तीच, पुस्तकं तीच. एका गटाला एका ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिलं, दुसऱ्या गटाच्या वर्गात सोबती नियमित जात राहिले. मुलांच्या वाचनात फरक दोन्हीकडे पडला. सोबत मिळालेल्या गटात तो जवळपास दुप्पट. पुढे म्पुमालांगा प्रांतात इंग्रजीसाठी टॅब्लेट आणि फोनवरून सोबत देऊन पाहिली. सुरुवातीला ते चाललंसं वाटलं. तीन वर्षांनी पाहिलं तर वर्गात प्रत्यक्ष जाणारा सोबती स्पष्टपणे पुढे होता. दुरून मिळालेल्या सोबतीनं मुलांचं वाचन सुधारलं नव्हतं. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर ध्वनिफिती आणि दुव्यांचा पाऊस पाडून शिक्षकांना पाठबळ दिल्याचं समाधान मानलं जातं, म्हणून मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांनी दाखवली आहे आणि ती आपल्याला टाळता येणार नाही. २०१८ मध्ये मॅथ्यू क्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ६० अभ्यासांचा एकत्र विचार केला. सोबतीचा फायदा खराच निघाला. पण कार्यक्रम मोठा होत गेला की फायदा आटत जातो, हेही निघालं. दहा चांगली माणसं निवडून केलेलं काम दहा हजारांकडून करून घेताना पातळ होतं. महाराष्ट्राला याचा वेगळा पुरावा नको. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटातल्या शाळांत जे घडलं, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि ज्ञानरचनावाद हा शब्द गावोगाव पोचला. गावोगावच्या शाळांच्या फरश्या रंगल्या. बाराखडी, संख्यारेषा, आकार. मी त्या रंगांना नावं ठेवणार नाही, कितीतरी मुलं त्यांवर उड्या मारत शिकली. पण पाहुण्यांना दिसली ती फरशी. फरशीपर्यंत पोचण्याआधी तिथल्या शिक्षकांनी एकमेकांत किती बोलणं केलं असेल, किती वेळा पुसून पुन्हा आखलं असेल, ते एका दिवसाच्या सहलीत दिसत नाही आणि फोटोत तर नाहीच. आम्ही रंग आणला, ते बोलणं आणायचं राहिलं.

आता साखळीतल्या माणसांच्या दिवसाबद्दल. केंद्रप्रमुखाची पदं वर्षानुवर्षं मोठ्या संख्येनं रिकामी राहिली. एकाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा अतिरिक्त कार्यभार. साधनव्यक्ती कराराच्या नेमणुकीवर, वर्षामागून वर्षं. सकाळी फोन उघडला की ‘तात्काळ’, ‘आज दुपारी बारापर्यंत’, ‘निरंक असल्यास निरंक’. यू-डायसची माहिती, आधारची जुळणी, गणवेशाचा हिशेब, कुठल्यातरी दिनाचे फोटो. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमानं शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामाला लावायला मनाई केली. पण शाळेकडून माहिती गोळा करून वर पाठवण्याच्या कामाला कोणतंच कलम आड येत नाही आणि सोबत्याचा दिवस त्यातच संपतो. मी स्वतः असे महिने काढले आहेत की, बारा शाळांपैकी एकाही वर्गात मी पूर्ण तास बसले नाही. मोटारसायकलवरून शाळेच्या दारात जायचं, प्रपत्रावर सही घ्यायची, निघायचं. त्याही भेटी अहवालात भेटी म्हणूनच गेल्या.

केनियात ‘तुसोमे’ नावाच्या वाचन कार्यक्रमानं अशाच अधिकाऱ्यांच्या हातात टॅब्लेट दिले, वर्ग प्रत्यक्ष पाहिल्याची नोंद ठिकाणासकट तपासली आणि त्यानुसार प्रवासखर्च दिला. भत्ता वर्गात बसण्याशी बांधला गेला, तेव्हा अधिकारी वर्गात बसू लागले. फार साधी गोष्ट आहे. करायची म्हटलं तर आपल्यालाही अवघड नाही.

त्याहून अवघड प्रश्न अधिकाराचा आहे. जो माणूस सकाळी माझ्या वर्गात मुलांशेजारी बसतो, तोच संध्याकाळी माझ्या उशिरा येण्याचा अहवाल लिहिणार असेल, तर मी माझ्या वर्गातलं न जमणारं काम त्याच्यासमोर का उघडं करू? मी त्याला मला येतो तोच पाठ दाखवीन, आदल्या दिवशी मुलांकडून घोटून घेतलेला. केंद्रप्रमुखाच्या खुर्चीत प्रशासन आणि सोबत एकत्र बसवली आहेत आणि मी ती दोन्ही केली आहेत, म्हणून सांगते की, यातून वाट एकच निघाली. वर्गाबद्दलची नोंद शिक्षकाच्या वहीत, शिक्षकाच्याच ताब्यात राहिली पाहिजे. ती वर जाऊ नये, तिला गुण नसावेत, तिचा आलेख होऊ नये. या संग्रहासाठी नोंदी मागितल्या, तेव्हाही आम्ही आधी शिक्षकांना विचारलं. काहींनी नाही म्हटलं. त्या नोंदी इथे नाहीत आणि तसंच असायला हवं होतं.

सोबतीनं सगळं सुटतं, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. पाच इयत्ता आणि दोन शिक्षक असलेल्या शाळेत एक शिक्षक बैठकीला गेला की उरलेल्या एकाला पाचही वर्ग सांभाळावे लागतात. तिथे आधी शिक्षक हवा, सोबती नंतर. काही शिक्षकांना सोबत नको असते आणि त्यांतल्या काहींची कारणं रास्त असतात: आलेल्या प्रत्येकानं नवीन पद्धत सांगितली आणि सहा महिन्यांत तो बदलून गेला. पुस्तकात अशी एक नोंद आहे. एका शिक्षकानं सलग तीन भेटींत साधनव्यक्तीशी हवापाण्यापलीकडे काहीही बोलणं केलं नाही. चौथ्या भेटीत त्यानं स्वतःहून एका मुलाची वही पुढे केली. साधनव्यक्तीनं त्या चार भेटींबद्दल जे लिहिलं आहे, ते मला साऱ्या संग्रहात सर्वांत प्रामाणिक वाटलं. वाचकानं हवं तर तिथूनच सुरुवात करावी.

नोंदींची भाषा ओबडधोबड आहे. काही ठिकाणी वाक्यं अर्धी आहेत, कारण ती बसमध्ये लिहिली गेली. संकलकांनी शुद्धलेखन सुधारलं, पण विध्यर्थ घातला नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. ‘मुलांनी काय केलं’ अशानं सुरू होणाऱ्या ओळी इथे भरपूर सापडतील, ‘शिक्षकांनी काय करावे’ अशा फार थोड्या.

दुसरीतल्या त्या मुलीच्या वर्गाबद्दलची माझी शेवटची नोंद या पुस्तकात नाही, म्हणून इथे देते. तिसऱ्या भेटीत बाई म्हणाल्या, “मॅडम, एकोणपन्नास झालं. आता हातचा सुरू केलाय. काड्या असल्या की पोरं गठ्ठा बरोबर सोडतात. पाटीवर आली की विसरतात, मोठ्यातून लहान असं उलटं वजा करतात. काड्या आणि पाटी यांच्या मध्ये काय ठेवायचं?” मला उत्तर माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. पलीकडच्या गावातले गुरुजी, ज्यांचा खडू मी एकदा काढून घेतला होता, ते आता काड्यांनंतर मुलांना गठ्ठ्यांची चित्रं काढून त्यांवर काट मारायला लावतात, एवढं मला ठाऊक होतं. त्यांना घेऊन येते, म्हटलं. पुढच्या गुरुवारचं ठरत होतं. बाई म्हणाल्या, गुरुवारी बाजार, पोरं कमी असतात. मग शुक्रवार ठरला, मधल्या सुट्टीच्या आधीचा तास.